व्हॉल्व्ह, वजन आणि झीनियाचा जुना बाजार

ओहायो राज्यातलं झीनिया हे मुद्दाम पाहायला जावं असं काही गाव नाही. पण मे महिन्याच्या मध्यावर, शुक्रवार ते रविवार, तिथल्या जत्रेच्या मैदानावर तीस-पस्तीस हजार माणसं उतरतात. मैदानात घोड्यांच्या शर्यतीची धावपट्टी आहे. तिच्या आतल्या गवतावर गाड्यांच्या रांगा लागतात, डिक्या उघडतात, ताडपत्र्या अंथरल्या जातात, घडीची टेबलं मांडली जातात. त्यांवर असतात पत्र्याच्या राखाडी पेट्या, गोल डायली, मोर्सच्या पितळी किल्ल्या, पुठ्ठ्याच्या खोक्यांतले काचेचे व्हॉल्व्ह, कापडी वेष्टणाच्या वायरी, एका हातानं न उचलणारे ट्रान्सफॉर्मर आणि असंख्य सुटी बटणं. कुठलं बटण कुठल्या यंत्राचं, ते जाणत्यालाच कळतं. 'डेटन हॅमव्हेन्शन' या हौशी रेडिओवाल्यांच्या संमेलनातला हा जुना बाजार.

शेजारच्या इमारतींमध्ये नव्या मालाचे स्टॉल असतात, व्याख्यानं होतात, पुरस्कार दिले जातात. ते कुठल्याही संमेलनात होतं. हे मैदान मात्र वेगळं आहे. विसाव्या शतकात रेडिओचं तंत्र कसकसं बदलत गेलं ते इथे पेटी उघडून पाहता येतं, आणि उघडायला स्क्रूड्रायव्हर लागला तर बहुतेकदा विक्रेताच पुढे करतो.

हौशी रेडिओवाले म्हणजे 'हॅम'. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढायचा, स्वतःचं सांकेतिक नाव मिळवायचं आणि घरच्या यंत्रावरून जगभरच्या इतर परवानाधारकांशी संपर्क साधायचा, तोही एक पैसा न घेता. या मंडळींचं डेटनचं पहिलं संमेलन १९५२ साली शहरातल्या बिल्टमोर हॉटेलात भरलं. डेटन अ‍ॅमॅच्युअर रेडिओ असोसिएशन ही तिथली स्थानिक संस्था तेव्हापासून ते भरवते आहे. १९६४ पासून २०१६ पर्यंत ते हॅरा अरीना या प्रेक्षागृहात आणि त्याच्या वाहनतळावर भरायचं. ती वास्तू बंद पडली आणि २०१७ मध्ये संमेलन पंचवीसेक किलोमीटरवरच्या झीनियात गेलं. पहिल्याच वर्षी पावसानं गवताचा चिखल केला आणि चाळीस किलोचे रिसीव्हर हातगाडीवरून ओढणाऱ्यांची पंचाईत झाली. तरी बाजार भरला.

इतका जुना माल येतो कुठून, याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धाशी जाऊन भिडतं.

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि हौशी प्रक्षेपण तत्काळ बंद झालं. नोव्हेंबर १९४५ मध्ये ते परत सुरू होऊ लागलं, तोवर सरकारी गोदामांत रेडिओयंत्रांचे डोंगर साचले होते. विमानांतले, रणगाड्यांतले, जहाजांवरचे हे संच भंगाराच्या भावानं निघाले. लढाऊ विमानांत बसवलेल्या छोट्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या, ज्यांना 'कमांड सेट' म्हणत, पाच-दहा डॉलरला मिळू लागल्या. त्या विमानातल्या २८ व्होल्टवर चालत आणि मागे बसवलेली छोटी मोटर-जनित्राची जोडी त्या २८ व्होल्टचे व्हॉल्व्हना लागणारे शेकडो व्होल्ट करी. घरात २८ व्होल्ट कुठून आणायचे? मग पोरांनी मोटर उपटून फेकली, तिथे घरच्या विजेचा ट्रान्सफॉर्मर बसवला, पुढच्या पट्टीला भोकं पाडून नवी बटणं लावली. एका पिढीनं रेडिओ शिकला तो या तोडफोडीतून. परिणाम असा की आज त्याच पेटीला संग्राहक चांगली किंमत देतात, पण ती कुणीही हात न लावलेली असेल तरच. शाळकरी पोरानं १९४८ मध्ये पाडलेलं एक भोक तिची किंमत निम्म्यावर आणू शकतं. मला मात्र भोकवाल्या पेट्या जास्त बोलक्या वाटतात. संग्राहकांना हे पटायचं नाही.

याच मालातला बीसी-४५३ हा रिसीव्हर हॅममंडळींच्या हुशारीचा नमुना आहे. तो १९० ते ५५० किलोहर्ट्झ एवढ्या खालच्या पट्ट्यातच ऐकू शकतो. त्या काळी हौशी संभाषण तिथे होतच नसे. मग त्याचा उपयोग काय? त्यासाठी साधा रिसीव्हर कसा चालतो ते पाहावं लागतं. एडविन आर्मस्ट्राँगनं १९१८ मध्ये शोधलेल्या पद्धतीत, अँटेनाकडून आलेला संकेत कुठल्याही कंपनसंख्येचा असो, त्यात रिसीव्हरमध्येच तयार केलेला दुसरा संकेत मिसळून त्याला एका ठरावीक कंपनसंख्येवर उतरवतात. पुढची सारी गाळणी आणि वाढ तिथेच होते. बहुतेक रिसीव्हरांत ही ठरावीक जागा ४५५ किलोहर्ट्झ असते, आणि ती बीसी-४५३ च्या पट्ट्यात नेमकी बसते. त्यामुळे स्वस्तातल्या ढिसाळ रिसीव्हरच्या मधल्या टप्प्यातून तार काढून ती बीसी-४५३ ला जोडली की तो दुसऱ्यांदा गाळणी करतो. हा संच स्वतः ८५ किलोहर्ट्झवर गाळतो, आणि जितकं खाली उतरावं तितकी साध्या कॉइलनंही बारीक गाळणी जमते. शेजारी दोन केंद्रं एकमेकांवर ओरडत असतील तर त्यातलं हवं तेवढंच ऐकू येतं. वैमानिकाला दिशा दाखवायला केलेला डबा असा घरोघरी दुसऱ्या रिसीव्हरच्या पाठीला लागला.

युद्धाचा माल सगळाच छोटा नव्हता. शिकागोच्या हॅलिक्राफ्टर्स कंपनीचा एचटी-४ हा युद्धापूर्वीचा हौशी ट्रान्समीटर. सैन्यानं तो उचलला, बीसी-६१० असं नाव दिलं आणि ट्रकवर बसवून रणभूमीवर धाडला. वजन चारशे पौंडांच्या आसपास, म्हणजे सुमारे १८० किलो. युद्ध संपल्यावर तोच भंगारातून पुन्हा हॅमच्या तळघरात आला. बाजारात असा एखादा दिसला तर त्याच्याभोवती माणसं जमतात, थोपटतात, फोटो काढतात, आणि 'घरी सांगणार काय' अशा चेहऱ्यानं पुढे जातात.

या वजनामागे भौतिकशास्त्र आहे. त्या काळी बोलणं पाठवायची पद्धत होती एएम. एक वाहक लहर सतत सोडायची आणि आवाजाप्रमाणे तिची उंची कमी-जास्त करायची. असं केलं की वाहक लहरीच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टा तयार होतो आणि खरा मजकूर त्या पट्ट्यांत असतो. पूर्ण क्षमतेनं बोललं तरी एकूण शक्तीचा दोनतृतीयांश भाग वाहक लहर खाते आणि तिच्यात बोललेलं अक्षरही नसतं. उरलेला एकतृतीयांश दोन पट्ट्यांत निम्मा-निम्मा वाटला जातो, आणि दोन्ही पट्ट्यांतला मजकूर एकच. म्हणजे १५० वॉट हवेत सोडले तर कामाचे फक्त २५. शिवाय त्या काळच्या नेहमीच्या रचनेत अंतिम टप्प्याला १०० वॉट पुरवायचे असतील तर आवाजाचा अ‍ॅम्प्लिफायरही ५० वॉटचा लागे, आणि तो जोडायला लोखंडाच्या गाभ्याचा भलामोठा ट्रान्सफॉर्मर. वजन तिथून आलं. हॅम लोक या यंत्रांना लाडानं जहाजाचा नांगर म्हणतात.

यावरचा उपाय कागदावर कधीचा होता. वाहक लहर दाबून टाकायची, दोनपैकी एक पट्टा कापायचा आणि उरलेल्या एकात सगळी शक्ती घालायची. याला एकपट्टी किंवा एसएसबी पद्धत म्हणतात. हवेतली जागाही निम्मी लागते. अडचण दोन ठिकाणी होती. एक पट्टा ठेवून लगतचा दुसरा कापायला अतिशय धारदार गाळणी हवी. आणि वाहक लहरच गेल्यामुळे ऐकणाऱ्याचा रिसीव्हर शंभरेक हर्ट्झनं जरी इकडेतिकडे सरकला तरी आवाज बदकासारखा होतो. म्हणजे गाळणी हवी आणि स्थैर्य हवं. ही दोन्ही गणितं एकाच कंपनीनं सोडवली, म्हणून झीनियाच्या मैदानावर तिचं नाव जरा दबक्या आवाजात घेतलं जातं.

आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्सचा आर्थर कॉलिन्स हा रेडिओवेडा पोरगा. १९२५ मध्ये मॅकमिलन यांची ध्रुवीय मोहीम ग्रीनलंडकडे गेली होती. नौदलाला तिच्याशी संपर्क राखणं जड जात असताना पंधरा वर्षांचा आर्थर घरच्या यंत्रावरून मोहिमेचे निरोप घेत होता आणि वॉशिंग्टनला पोचवत होता. १९३३ मध्ये त्यानं कॉलिन्स रेडिओ कंपनी काढली. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांतल्या संपर्कयंत्रणेत पुढे याच कंपनीचं काम होतं.

स्थैर्याचा प्रश्न कॉलिन्सनं यांत्रिकीतून सोडवला. साध्या रिसीव्हरमध्ये बटण फिरवलं की कॅपॅसिटरची पानं एकमेकांत सरकतात. डायलच्या एका टोकाला केंद्रं ऐसपैस बसतात, दुसऱ्या टोकाला गर्दी करतात. कॉलिन्सनं कॅपॅसिटर स्थिर ठेवला आणि कॉइलच्या आत चुंबकीय गाभा सरकवला, तोही अत्यंत अचूक आट्यांच्या स्क्रूवर. कॉइलचे वेढेही असे गुंडाळले की बटणाच्या प्रत्येक फेऱ्याला कंपनसंख्या सारखीच बदलावी. त्यामुळे १९४६-४७ च्या सुमारास आलेल्या त्यांच्या ७५ए मालिकेतल्या डायलवर एकेका किलोहर्ट्झच्या रेघा समान अंतरावर आहेत, आणि आज ऐंशी वर्षांनंतरही चांगल्या संचात त्या खऱ्या निघतात.

गाळणीचं उत्तर तर याहून विलक्षण. ४५५ किलोहर्ट्झचा विद्युत संकेत एका धातूच्या कांडीला दिला की चुंबकत्वामुळे ती किंचित आकसते-प्रसरते, म्हणजे कंप पावते. तो कंप निकेलच्या मिश्रधातूच्या छोट्या चकत्यांच्या माळेतून जातो. चकत्या बारीक तारांनी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि प्रत्येकीला तिच्या आवडीची कंपनसंख्या असते. नको ते कंप वाटेतच मरतात. दुसऱ्या टोकाला उरलेल्या कंपाचा परत विद्युत संकेत होतो. रेडिओच्या पोटात चाललेलं हे घंटानादाचं काम करंगळीएवढ्या नळीत बसतं. जुनी फिल्टरं विकत घेताना मात्र एक धोका आहे. काहींमध्ये चकत्यांना आधार म्हणून घातलेला फोम आता चिकट राळेसारखा झाला आहे. तो चकत्यांवर ओघळला की फिल्टर मुकं होतं, आणि बाहेरून पाहून काही कळत नाही.

गाळणी आणि स्थैर्य जमल्यावर कॉलिन्सनं १९५५ च्या सुमारास केडब्ल्यूएस-१ ट्रान्समीटर आणि ७५ए-४ रिसीव्हर ही जोडी काढली. एकट्या ट्रान्समीटरचीच किंमत दोन हजार डॉलरच्या घरात, म्हणजे तेव्हाच्या एका नव्या मोटारीएवढी. लोक या जोडीला सोन्याच्या धुळीची जुळी म्हणत. पण तिचा खरा परिणाम हौशी जगाबाहेर झाला. अमेरिकी बाँबफेकी विमानदळाचे प्रमुख जनरल कर्टिस लमे स्वतः हॅम होते. लांब पल्ल्याच्या विमानांशी एकपट्टीनं बोलता येईल हे त्यांनी कॉलिन्सच्या या हौशी यंत्रांवरूनच आपल्या दलाला पटवलं. १९५६ मध्ये विमानात तसे संच बसवून चाचण्या झाल्या आणि हवाई दल एकपट्टीवर गेलं. हौशी माणसाच्या टेबलावरून सैन्याकडे तंत्र गेल्याची याहून ठळक उदाहरणं फार नाहीत.

पुढे १९५९ मध्ये आलेला केडब्ल्यूएम-२ हा ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकाच पेटीत घेऊन आला. वीजपुरवठ्याची पेटी वेगळी धरली तर वजन जेमतेम आठ किलो. एएमचं लोखंड एका दशकात असं गळून पडलं. कॉलिन्सच्या या काळातल्या पेट्यांवर आधी पंखांचं चिन्ह असे, नंतरच्या पेट्यांवर गोल चिन्ह आलं. गोल चिन्हवाल्या नंतरच्या, म्हणून अधिक सुधारलेल्या. पंखवाल्या अधिक देखण्या. यावर दोन म्हाताऱ्यांना तासभर वाद घालताना ऐकणं हाही बाजारातला कार्यक्रमच.

कॉलिन्स सगळ्यांना परवडत नव्हता, आणि या बाजाराची भावगाथा तिथेच आहे. अमेरिकेनं १९५१ मध्ये नवशिक्यांसाठी सोपा परवाना काढला: मोर्सचा वेग मिनिटाला पाच शब्द, शक्ती जास्तीत जास्त ७५ वॉट, आणि कंपनसंख्या बदलती न ठेवता क्वार्ट्झच्या स्फटिकानं बांधलेली. हजारो शाळकरी मुलं आली. त्यांच्या खिशाला परवडणारी यंत्रं कंपन्या विकत. हॅलिक्राफ्टर्सचा एस-३८ पन्नास डॉलरच्या आत मिळे. त्याची पेटी रेमंड लोवी या नामवंत डिझायनरनं आखलेली. ज्यांना तोही जड वाटे ते मिशिगनच्या हीथकिटकडे वळत. ही मूळ कंपनी विमानांचे सुटे संच विकणारी. युद्धानंतर तिनं उरलेला इलेक्ट्रॉनिक माल घाऊक घेतला आणि १९४७ मध्ये त्यातून ऑसिलोस्कोपचा संच काढला: भाग आम्ही देतो, जोडणी तुम्ही करा. पुढची पंचेचाळीस वर्षं, १९९२ पर्यंत, तिनं रेडिओपासून टीव्हीपर्यंत सगळं सुट्या भागांत विकलं. तिच्या पुस्तिका इतक्या नीट असत की प्रत्येक तार जोडल्यावर खूण करायला चौकोन छापलेला असे.

म्हणूनच हीथकिटचं यंत्र जुन्या बाजारात घेणं म्हणजे कुणा अनोळखी माणसाचं १९७० सालचं सोल्डरिंग विकत घेणं. झाकण काढा आणि खाली पाहा. चकचकीत, गुळगुळीत सांधे असतील तर तो माणूस धीराचा होता. मळकट, गोळे झालेले सांधे असतील तर दोन महिने दोष शोधण्याची तयारी ठेवा.

मग खरेदी कशी करतात? विक्रेता सांगतो, 'शेवटचा लावला तेव्हा चालत होता.' यावर कुणी विश्वास ठेवत नाही आणि ठेवावा अशी अपेक्षाही नसते. आधी उचलून पाहायचं. अपेक्षेपेक्षा हलकं लागलं तर ट्रान्सफॉर्मर काढून घेतलेला असतो. मग नाक लावायचं. जळक्या डांबराचा वास म्हणजे ट्रान्सफॉर्मर गेला, उंदराच्या मुताचा वास म्हणजे पत्रा गंजला. सगळी बटणं मूळची आहेत का? एका बटणासाठी पुढच्या वर्षाची वाट पाहणारे लोक आहेत. मॅसॅच्युसेट्सच्या नॅशनल कंपनीचा एचआरओ दिसला तर खरेदीदार सर्वांत आधी कॉइलचे डबे मोजतो. १९३५ च्या या रिसीव्हरमध्ये पट्टा बदलायला बटण नाही. समोरून कॉइलचा अख्खा डबा उपसायचा आणि दुसरा खोचायचा. डायलवर कंपनसंख्याही लिहिलेली नाही, फक्त ० ते ५०० आकडे; खऱ्या कंपनसंख्येसाठी डब्याच्या दर्शनी भागावरचा आलेख वाचायचा. डबे हरवले तर उरतो तो लोखंडाचा ठोकळा. असं गैरसोयीचं यंत्र लोकांना का हवं असतं? कारण ते ऐकतं फार सुरेख. युद्धात जर्मन बिनतारी संदेश टिपून ब्लेचली पार्क या सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या केंद्राला पुरवणाऱ्या ब्रिटिश केंद्रांत शेकड्यांनी एचआरओ चालत होते.

टीव्हीचे व्हॉल्व्ह वापरलेले संच घेतानाही विचार करावा लागतो. साठ-सत्तरच्या दशकांत काही कंपन्यांनी, त्यात जपानच्या येसूचा एफटी-१०१ सुद्धा आला, अंतिम टप्प्यात टीव्हीच्या पडद्यावर आडवी रेघ काढणारे व्हॉल्व्ह घातले. तेव्हा ते कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडे पैशापासरी मिळत. व्हॉल्व्हचा टीव्ही गेला, तसे तेही गेले. आता यंत्रापेक्षा त्यांची जुळती जोडी शोधणं अवघड. उलट ६१४६ सारखे निव्वळ प्रक्षेपणासाठी केलेले व्हॉल्व्ह अजून मिळतात. मूळ किमतीत केलेली काटकसर पन्नास वर्षांनी दुप्पट वसूल होते ती अशी.

आणि घरी आणल्यावर लगेच प्लग लावायचा मोह! तो आवरायलाच हवा. जुन्या संचात मेणकागदाचे कॅपॅसिटर असतात. एका व्हॉल्व्हच्या प्लेटकडून दुसऱ्याच्या ग्रिडकडे आवाज जाऊ द्यायचा आणि मधला दीड-दोनशे व्होल्टचा दाब अडवायचा, हे त्यांचं काम. वयानं ते झिरपू लागतात. थोडे व्होल्ट पलीकडे गेले की पुढचा व्हॉल्व्ह वाहावा त्यापेक्षा कितीतरी जास्त वाहतो, लाल होतो आणि जाता जाता आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाळतो. दोन डॉलरचा भाग गेल्यामुळे न मिळणारा भाग जातो. वीजपुरवठ्यातल्या इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरांचं दुखणं निराळं: आतला ऑक्साइडचा पातळ थर न वापरल्यामुळे विरतो. म्हणून जाणते लोक कागदी कॅपॅसिटर न तपासताच बदलतात आणि पहिल्यांदा वीज देताना संचाच्या मालिकेत एक साधा पिवळा बल्ब जोडतात. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगतो आणि संच वाचतो.

माणूस वाचणं हेही ओघानं आलंच. एस-३८ सारख्या स्वस्त संचांत ट्रान्सफॉर्मरच नाही. विजेची एक तार थेट आतल्या सांगाड्याशी येते. सांगाडा आणि बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये फक्त वॉशर आणि ऐंशी वर्षांचा भरवसा. ट्रान्समीटरमध्ये सातशे-आठशे व्होल्ट असतात, मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोन-तीन हजार, आणि प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरांत ते काही काळ तसेच राहतात. एक हात खिशात ठेवून काम करायची या लोकांची सवय दिखाऊ नाही.

भारतात असा बाजार का उभा राहिला नाही, हा प्रश्न मराठी वाचकाला पडेल. इथे हौशी रेडिओ १९२०च्या दशकाच्या आरंभापासून आहे. पण दुसरं महायुद्ध सुरू होताच सरकारनं हौशी मंडळींचे ट्रान्समीटर जमा करून घेतले. १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांचा गुप्त काँग्रेस रेडिओ चालला, तो नरिमन प्रिंटर या तंत्रज्ञानं जमवलेल्या ट्रान्समीटरवर, आणि तोही नोव्हेंबरात पोलिसांच्या हाती गेला. स्वातंत्र्यानंतर आयात जकात इतकी जबर होती की कॉलिन्स किंवा हीथकिट इथे क्वचितच आले. लोक भंगारातून भाग वेचून स्वतः यंत्रं बांधत. १९८४ मध्ये सरकारनं बिनतारी उपकरणांवरची जकात माफ केली, तेव्हा जगात व्हॉल्व्हचं युग संपत आलं होतं. त्यामुळे 'हॅमफेस्ट इंडिया' हे दरवर्षी वेगळ्या शहरात भरणारं आपल्याकडचं संमेलन मालानं डेटनशी बरोबरी करू शकत नाही. आपल्याकडच्या जुन्या यंत्रांवर कारखान्याचं नाव सहसा नसतं, आणि म्हणून मालक गेला की ती ओळखणारंही कुणी उरत नाही.

झीनियाच्या टेबलांवर मात्र आपल्या बाजूची एक गोष्ट सापडण्याची शक्यता असते. संपर्क झाल्यावर दोन हॅम एकमेकांना पोस्टानं कार्ड पाठवतात. अशा जुन्या कार्डांची खोकी विकायला असतात. त्यांत गोव्याचं कार्ड निघालं तर संग्राहक थबकतो. पोर्तुगीज अमलात गोवा हा हौशी जगाच्या यादीत स्वतंत्र देश होता, सांकेतिक नावाची सुरुवात सीआर८. दमण आणि दीव यांची मिळून वेगळी नोंद होती, आणि पाँडिचेरीसह फ्रेंच वसाहतींची आणखी वेगळी, एफएन८. १९६१ नंतर गोव्याची नोंद बंद झाली. मृत देशांच्या त्या यादीत गोवा अजून आहे.

कार्डं आणि यंत्रं दोन्ही बहुतेकदा एकाच मार्गानं बाजारात येतात: मालकाच्या निधनानंतर. हॅम लोक दिवंगत सहकाऱ्याला 'मूक किल्ली' म्हणतात. घरचे क्लबला फोन करतात, क्लबचे लोक तळघर उपसतात, भाव लावतात आणि पैसे कुटुंबाला पोचवतात. खरेदी करणारेही आता बरेचसे सत्तरीतले आहेत. चौदाव्या वर्षी दुकानाच्या काचेतून पाहिलेला आणि न परवडलेला संच ते आता घेतात. ही मागणी वयाला बांधलेली आहे, त्यामुळे पुढे भाव टिकतील असं मला वाटत नाही. ज्याला शिकायचं आहे त्यानं त्यावर हळहळण्याचं कारण नाही. त्याला माल स्वस्त पडेल.

त्याच्यासाठी सर्वांत मोठा आधार पुस्तिकेतला आराखडा. व्हॉल्व्हच्या काळात प्रत्येक यंत्राबरोबर संपूर्ण विद्युत नकाशा मिळत असे, कुठल्या पायावर किती व्होल्ट असावेत याच्या कोष्टकासह. आजच्या संचात तेच काम एका चिपमध्ये आणि संगणकप्रणालीत होतं. तो बिघडला तर फेकावा लागतो. २६ व्हॉल्व्हचा, ३८ किलोचा, दातेरी चक्रांनी भरलेला आर-३९०ए हा सैन्यासाठी कॉलिन्सनं आखलेला रिसीव्हर सत्तर वर्षांनी दुरुस्त करता येतो, कारण त्याचं प्रत्येक चक्र कागदावर आहे. असा जुना अमेरिकी संच भारतात आणायचा असेल तर त्याच्या भाड्याचा आणि बहुतेकदा आपल्या २३० व्होल्टचाही विचार करावा लागतो. ११५ व्होल्टवर उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घेऊनही एक गोम राहते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. फक्त ६० साठी बेतलेल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा ५० वर लवकर तुडुंब होतो आणि तापतो. पाटीवर ५०-६० असं लिहिलं आहे का, ते पैसे देण्याआधी पाहावं.

दुरुस्त झालेली यंत्रं कपाटात बसत नाहीत. अमेरिकेत ३८८५ किलोहर्ट्झवर अजून एएमवाले रात्री गप्पा मारतात, आणि दर वर्षी एक जानेवारीला जुन्या हातकिल्लीवर मोर्स वाजवण्याचा सण होतो. त्या रात्री हवेत चांगलीच अंदाधुंदी असते, कारण व्हॉल्व्हचा संच पहिला अर्धा तास तापत असतो आणि त्याची कंपनसंख्या हळूहळू सरकत जाते. समोरच्यानं त्याच्यामागे डायल फिरवत राहायची, आणि स्वतःचाही सरकत असेल तर मध्येच विचारायचं की कोण कुणाच्या मागे लागलं आहे.